वडिलांच्या लेथवर एम-२० × २.५ चे आटे: नट दोन फेऱ्यांतच अडकतो, चेंज गिअर निवडताना काय चुकते आहे?

प्रश्न

नमस्कार. हातकणंगले तालुक्यात आमचे जॉब-वर्कचे लहान दुकान आहे. वडिलांनी सारी हयात चालवलेला सहा फुटी, कोन पुलीचा लेथ गेल्या दिवाळीपासून मी एकटा चालवतो. लेथवरची पाटी केव्हाच निघून गेलेली असल्यामुळे चेंज गिअरचा (आट्यांच्या मापानुसार बदलायच्या गिअरचा) तक्ता उपलब्ध नाही. वडिलांनी एका वहीत आपल्या नेहमीच्या कामाच्या जोड्या लिहून ठेवल्या आहेत आणि आजवर त्यावरच काम भागले. त्या जोड्या अशा आहेत: इंचाला ८ आट्यांना ५०/१००, १० आट्यांना ४०/१००, ११ आट्यांना २०/५५, १२ आट्यांना ३०/९० आणि १४ आट्यांना २०/७०. वरचा आकडा स्टडवरच्या गिअरचा, खालचा लीड स्क्रूवरच्या (टूलची कॅरेज सरकवणाऱ्या लांब स्क्रूवरच्या) गिअरचा आणि मध्ये जुळेल तो आयडलर (नुसता जोडणारा गिअर), अशी पद्धत आहे.

आमच्याकडे गुऱ्हाळाच्या चरकाची दुरुस्ती अधिक येते. चरकाच्या लाटांवर दाब देणारे लांब बोल्ट आतापर्यंत सहा सुती, म्हणजे ३/४ इंची, व्हिटवर्थ (जुन्या इंची पद्धतीच्या) १० आट्यांचे असत. आता एका ग्राहकाला तेच बोल्ट एम-२० मध्ये (२० मिमी व्यासाच्या मेट्रिक आट्यांत) हवे आहेत, कारण त्यांच्या भागात इंची नट मिळणे अवघड झाले आहे. पिच (लागोपाठच्या दोन आट्यांतले अंतर) २.५ मिमी, आट्यांची लांबी २८० मिमी आणि माल ईएन-८ चा (मध्यम कार्बनच्या पोलादाचा) आहे.

आयटीआयच्या पुस्तकातले सूत्र मला ठाऊक आहे: पाडायची पिच भागिले लीड स्क्रूची पिच. लीड स्क्रूवर स्केल धरली तेव्हा एक आटा ६ मिलिमीटरचा दिसला, म्हणून मी २.५/६ म्हणजे २५/६० अशी जोडी लावली. पहिल्या तुकड्यावर ४० मिमी आटे पाडून पाहिले. आटे दिसायला स्वच्छ होते, परंतु बाजारातला एम-२० चा नट दोन फेऱ्या जाऊन घट्ट अडकला. आटे थोडे अधिक खोल केले तेव्हा नट सैल झाला, तरीही तिसऱ्या फेरीला अडकलाच.

दुसऱ्या तुकड्यावर आणखी एक प्रकार घडला. वडिलांच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक कटनंतर हाफ नट (कॅरेजला लीड स्क्रूशी जोडणारा, उघडता येणारा नट) उघडून, कॅरेज मागे आणून, चेसिंग डायलची (हाफ नट केव्हा लावायचा ते दाखवणाऱ्या तबकडीची) रेघ जुळली की हाफ नट लावला. तेव्हा दुसऱ्याच कटला टूल पहिल्या आट्यात न उतरता मधल्या धातूवर गेले आणि तुकडा वाया गेला. इंची कामात असे कधी झाले नव्हते.

पेटीत २० पासून १०० दातांपर्यंत पाचापाचाच्या अंतराने सतरा गिअर आहेत, प्रत्येकी एकच. चूक कुठे आहे आणि याच गिअरमध्ये हे काम होईल का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (निवृत्त शिल्प निदेशक, टर्नर व्यवसाय)

आपण वहीतल्या जोड्या लिहिल्यात हे फार चांगले केलेत, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या वहीतच आहे. पाचही जोड्यांना संक्षेप देऊन पाहा. ५०/१०० म्हणजे ४/८, ४०/१०० म्हणजे ४/१०, २०/५५ म्हणजे ४/११, ३०/९० म्हणजे ४/१२ आणि २०/७० म्हणजे ४/१४. प्रत्येक ठिकाणी वरचा आकडा ४ येतो आणि खालचा आकडा पाडायच्या आट्यांचा येतो. याचा अर्थ आपल्या लीड स्क्रूला इंचाला ४ आटे आहेत. त्याची पिच ६ मिलिमीटर नसून पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर आहे. एकाच आट्यावर स्केल धरली की ६ आणि ६.३५ यांतला फरक डोळ्यांना कळत नाही. आयटीआयमध्ये शिकवताना मी विद्यार्थ्यांना नेहमी दहा आटे मोजायला लावत असे: दहा आट्यांचे अंतर ६० मिमी भरले तर लीड स्क्रू मेट्रिक, ६३.५ मिमी भरले तर इंची. आपणही आधी हे मोजून खात्री करून घ्यावी.

आता आपल्या पहिल्या तुकड्याचे काय झाले ते पाहू. २५/६० च्या जोडीने लीड स्क्रू ६.३५ चा असताना पिच पडते ६.३५ × २५ ÷ ६० = २.६४६ मिमी. हवी होती २.५. प्रत्येक आट्यामागे ०.१४६ मिमी जास्त सरकल्यामुळे एम-२० च्या नटात जे साधारण सहा आटे असतात, त्यांच्यापैकी पहिला बरोबर बसला तरी सहाव्यापर्यंत जवळजवळ पाऊण मिलिमीटर चूक साठते. खोली वाढवून आपण बाजूंची फट वाढवलीत, म्हणून नट एक फेरी पुढे गेला. पण पिचची चूक खोलीने कधीही भरून निघत नाही, आणि तसा सैल केलेला बोल्ट दाबाच्या कामाला मुळीच वापरू नये, कारण सगळा भार एक-दोन आट्यांवरच येतो. तो तुकडा फेकला नसेल तर त्याच्यावर दहा आट्यांचे अंतर मोजून पाहा, २६.५ मिमीच्या जवळपास भरले पाहिजे.

एक मोह टाळावा, असे मुद्दाम सांगतो. १० आट्यांची पिच २.५४ मिमी असते आणि ती २.५ च्या इतकी जवळ आहे की पुष्कळ जण ‘एवढ्याने काय होते’ म्हणून ४०/१०० वरच एम-२० पाडतात. पिच गेजचे पातेही या दोन आट्यांत सहज फसवते. तिथे आट्यामागे ०.०४ मिमी चूक आहे, म्हणजे नटाच्या उंचीत सुमारे पाव मिलिमीटर. असा नट हाताने जात नाही, पान्याने ओढून बसवावा लागतो आणि काही वेळा उघडबंद केल्यावर आटे खाल्ले जातात.

मेट्रिक आटे इंची लीड स्क्रूवर अचूक पाडायचे तर १२७ दातांचा गिअर लागतो, त्याचे कारण साधे आहे. १ इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर, १९५९ साली इंग्रजी मापे वापरणाऱ्या सहा देशांनी ही व्याख्या एकमताने स्वीकारली, आणि कारखान्यांत तर त्याच्या कितीतरी आधीपासून हाच आकडा धरला जात होता. २५.४ चे पूर्णांकात रूप १२७/५ होते. १२७ ही मूळ संख्या आहे, तिचे अवयव पडत नाहीत, म्हणून तो गिअर दुसऱ्या दोन गिअरांच्या गुणाकाराने तयार होत नाही. आपल्या लेथसाठी सूत्र अगदी सुटसुटीत होते: स्टडवर पिचच्या वीसपट दात आणि लीड स्क्रूवर १२७. म्हणजे २.५ ला ५०/१२७, १.५ ला ३०/१२७, १.७५ ला ३५/१२७. आपल्या पेटीत १२७ नाही, त्यामुळे थोड्या जवळच्या आकड्यावर काम करावे लागेल. ते कसे करावे हे इथे प्रत्यक्ष रोज करणारे कोणी सांगतील तर अधिक बरे.

दोन गोष्टी राहिल्या. वडिलांचे आट्यांचे टूल व्हिटवर्थसाठी ५५ अंशांचे असणार. मेट्रिकला ६० अंशांचे टूल नव्याने घासून सेंटर गेजवर तपासावे. खोलीही बदलते: १० आट्यांच्या व्हिटवर्थला १.६३ मिमी, तर २.५ पिचच्या मेट्रिक बोल्टला १.५३ मिमी.

प्रश्नकर्ता

सर, मनापासून आभार. आज सकाळी लीड स्क्रू पुसून दहा आटे मोजले, ६३.५ मिमी बरोबर भरले. जुन्या तुकड्यावर दहा आट्यांचे अंतर व्हर्नियरने २६.४५ आले. वहीतल्या जोड्या मी लहानपणापासून पाहत आलो, पण त्यांतून लीड स्क्रूचे माप वाचता येते हे माझ्या कधी लक्षात आले नाही. वडिलांना दाखवले तेव्हा ते म्हणाले की त्यांच्या उस्तादांनी त्यांना ‘चार खाली आटे’ एवढेच पाठ करवले होते. टूल ५५ अंशांचेच निघाले, तेही बदलतो आहे.

१२७ चा गिअर नसताना पुढे काय करावे, हा प्रश्न शिल्लक आहे. ग्राहकाला आठ बोल्ट या महिन्याअखेर द्यायचे आहेत.

उत्तर २ (कोल्हापूर, उद्यमनगरात लेथचे काम)

भाऊ, तुमच्या पेटीतल्या गिअरमध्ये हे काम होते, आणि आठ बोल्टांसाठी नवा गिअर बनवून घेण्याची गरज नाही. आम्ही आमच्या जुन्या इंची लेथवर वर्षानुवर्षे हेच करत आलो आहोत.

२५.४ च्या जागी १६००/६३ हा अपूर्णांक धरा. त्याची किंमत २५.३९६८ येते, म्हणजे चूक शेकडा ०.०१२५, एक मीटर लांबीत सव्वाशे मायक्रॉन. पुष्कळ लेथबरोबर १२७ च्या ऐवजी ६३ दातांचा गिअर मिळतो तो याच कारणाने. पण ६३ ला मूळ संख्येची अडचण नाही: ६३ म्हणजे ७ × ९, आणि तुमच्याकडे ३५ आणि ४५ हे दोन गिअर आहेत, म्हणजे ७ आणि ९ दोन्ही पेटीतच आहेत. तेव्हा ड्रायव्हर (चालवणारे गिअर) म्हणून नेहमी ३५ आणि ४५ घ्यायचे आणि ड्रिव्हन (चालवले जाणारे) गिअर असे निवडायचे की त्यांचा गुणाकार १०,००० भागिले पिच इतका येईल. हा हिशोब फक्त इंचाला ४ आट्यांच्या लीड स्क्रूसाठी आहे, हे मात्र ध्यानात ठेवा.

तुमच्या २.५ पिचला १०,००० ÷ २.५ = ४,०००, म्हणजे ५० × ८०. मांडणी अशी करा: स्टडवर ३५, ते क्वाड्रंटच्या (मधले गिअर बसवायच्या सरकत्या पट्टीच्या) मधल्या स्टडवरच्या ५० ला चालवेल, त्या ५० च्याच बुशवर किल्लीने जोडलेला ४५, आणि तो लीड स्क्रूवरच्या ८० ला चालवेल. पिच पडेल ६.३५ × (३५ × ४५) ÷ (५० × ८०) = २.५००३ मिमी. तुमच्या २८० मिमी लांबीत एकूण चूक ०.०३५ मिमी होते. तुमच्या लेथचे वय पाहता लीड स्क्रूची चकजवळची झीजच याहून जास्त असेल, त्यामुळे ही चूक मनावर घेऊ नका. नट हाताने पूर्ण लांबी चालेल.

याच पद्धतीने २ पिचला गुणाकार ५,००० म्हणजे ५० × १००, ४ पिचला २,५०० म्हणजे २५ × १००, १.२५ ला ८,००० म्हणजे ८० × १००, आणि ५ ला २,००० म्हणजे ४० × ५०.

आता मांडणीबद्दल, कारण कंपाउंड जोडणी तुम्ही पूर्वी केलेली दिसत नाही. साध्या जोडणीत मधला आयडलर कितीही दातांचा असला तरी गुणोत्तर बदलत नाही, पण इथे मधल्या स्टडवर दोन वेगळे गिअर एकत्र फिरले पाहिजेत. त्यांच्यामधली किल्ली सैल असेल तर एक गिअर दुसऱ्यावर घसरतो आणि पिच मध्येच बिघडते. दोन गिअर एका पातळीत येत नसल्यामुळे लीड स्क्रूवरचा ८० बाहेरच्या अंगाला घ्यावा लागेल, त्यासाठी आतल्या बाजूला कॉलर घाला. दुसरे असे की पहिल्या जोडीच्या दातांची बेरीज ही दुसऱ्या जोडीच्या ड्रायव्हरपेक्षा निदान पंधराने जास्त हवी, नाहीतर तो ड्रायव्हर स्टडच्या शाफ्टवर आदळतो. तसेच दुसऱ्या जोडीची बेरीज पहिल्या ड्रिव्हनपेक्षा निदान पंधराने जास्त हवी. तुमच्या बाबतीत ३५ + ५० = ८५, समोर ४५; आणि ४५ + ८० = १२५, समोर ५०. दोन्हीकडे भरपूर जागा आहे. दात जुळवताना वहीच्या कागदाची पट्टी मध्ये धरून गिअर दाबा, नट आवळा आणि मग गिअर हाताने फिरवून पट्टी काढून घ्या. कागदाएवढी फट राहिली की गिअर आवाजही करत नाहीत आणि घट्टही होत नाहीत.

आणि कट घेण्याआधी, मोटर बंद असताना, हाफ नट लावून चक हाताने बरोबर दहा फेऱ्या फिरवा. कॅरेज २५ मिमी सरकली पाहिजे. इथे फरक आला तर स्पिंडल आणि स्टड यांच्यातले गुणोत्तर एकास एक आहे का ते पाहा. वडिलांच्या जोड्या बरोबर चालत होत्या, त्यावरून ते एकास एकच असणार, परंतु दोन मिनिटांच्या या तपासणीने ईएन-८ चा एक तुकडा वाचतो. त्यानंतर बारवर शाई लावून नुसता ओरखडा उमटेल एवढा एक कट घ्या आणि वीस आटे स्केलवर मोजा: ५० मिमी.

उत्तर ३ (टूल रूम, पुणे)

गिअरचा प्रश्न सुटला, पण आपल्या दुसऱ्या तुकड्याबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही, आणि पिच बरोबर आली तरी तीच चूक पुन्हा होईल म्हणून लिहितो.

इंची आटे पाडताना आपण हाफ नट उघडू शकत होता, कारण लीड स्क्रू आणि बोल्ट दोन्ही इंची मापाचे होते. ४ आट्यांच्या लीड स्क्रूवर १० आटे पाडताना दर अर्ध्या इंचाला लीड स्क्रूचे २ आणि बोल्टचे ५ आटे पूर्ण होतात, म्हणजे दर अर्ध्या इंचाला दोघांची पुन्हा गाठ पडते. चेसिंग डायलच्या रेघा ही गाठ दाखवण्यासाठीच असतात. समसंख्येच्या आट्यांना कोणतीही रेघ चालते आणि ११ सारख्या विषम संख्येला फक्त आकडे असलेल्या रेघा चालतात, हा नियम त्यातूनच आला. परंतु २.५ आणि ६.३५ मिलिमीटर यांची गाठ थेट ३१७.५ मिमीवर पडते, जिथे लीड स्क्रूचे ५० आणि बोल्टचे १२७ आटे होतात. ३५-४५ च्या मांडणीत तर ती ४०० मिमीच्याही पुढे जाते. आपले सगळे आटेच २८० मिमीत संपतात. म्हणून इंची लीड स्क्रूवर मेट्रिक आटे पाडताना डायलकडे पाहूच नये. पहिल्या कटला लावलेला हाफ नट शेवटच्या कटपर्यंत उघडायचा नाही, आणि टम्बलर गिअरचा (लीड स्क्रूची दिशा बदलणारा) दांडाही मध्ये हलवायचा नाही.

कॅरेज मागे आणायची ती मोटर उलटी फिरवून. कटच्या शेवटी आधी टूल क्रॉस स्लाइडने बाहेर काढावे, मगच उलटे फिरवावे, कारण उलट्या चालीत गिअर आणि नट यांची सगळी फट दुसऱ्या बाजूला जाते आणि टूल त्याच खाचेतून परत येत नाही. परत येताना कॅरेज बोल्टच्या टोकापलीकडे दहा मिलिमीटर तरी न्यावी, म्हणजे पुढच्या कटला टूल धातूला लागण्यापूर्वी फट निघून गेलेली असते. लेथ बॅक गिअरवर मंद चालवावा आणि आटे जिथे संपतात तिथे शक्य असेल तर पाच-सहा मिलिमीटर रुंदीची खाच आधीच पाडून ठेवावी, म्हणजे थांबायला जागा मिळते. दाबाच्या बोल्टवर खाच नको असेल तर शेवटचा अर्धा इंच मोटर बंद करून चक हातानेच फिरवावा.

एका धोक्याकडे मी आपले विशेष लक्ष वेधतो. कोन पुलीच्या जुन्या लेथवर चक बहुधा स्पिंडलच्या नाकावर आट्यांनी बसवलेला असतो. चालू मोटर रिव्हर्स-फॉरवर्ड स्विचने एकदम उलटी केली तर जड चक स्वतःच्या गतीने पुढे फिरत राहतो, स्पिंडल उलटे फिरते, आणि चक आट्यांवरून सुटून बाहेर येऊ शकतो. आमच्या परिसरातल्या एका दुकानात असा सुटलेला चक बेडवर आपटून कामगाराच्या पायावर गेलेला मी पाहिला आहे. स्विच मध्यावर आणून चक पूर्ण थांबू द्यावा, नंतरच उलट दिशा द्यावी. घाई असली तरी हे एवढे पाळावेच.

मध्येच टूलची धार गेली तर घाबरू नये. टूल घासून पुन्हा लावावे, हाफ नट तसाच ठेवून चक पुढच्या दिशेने हाताने फिरवून फट काढावी, आणि मग कंपाउंड स्लाइड आणि क्रॉस स्लाइड दोन्ही हलवून टूल जुन्या खाचेत आणावे.

उत्तर ४ (गिअर कटिंग, सांगली)

या महिन्याचे काम वरच्या मांडणीने होईलच, परंतु आपल्याकडे मेट्रिक काम यापुढे वाढत जाणार असेल तर एक गिअर कापून घेणे हिताचे ठरेल. कोणता, याचा विचार आधी करावा.

प्रथम आपल्या गिअरचे माप ओळखावे. लेथ इंची असल्यामुळे गिअर मोड्युलचे (मेट्रिक दातमापाचे) नसून डीपीचे (डायमेट्रल पिच, म्हणजे इंची दातमापाचे) असण्याची शक्यता अधिक आहे. ६० दातांच्या गिअरचा बाहेरचा व्यास मोजा. तो १२४ मिमी आला तर २ मोड्युल, ११२.५ मिमी आला तर १४ डीपी, आणि १३१ मिमी आला तर १२ डीपी. आमच्याकडे येणारे पुष्कळ ग्राहक व्यास न मोजता ‘मोड्युल दोन’ म्हणून सांगतात आणि गिअर जुळत नाही म्हणून परत आणतात. दातांचा दाबकोन जुन्या गिअरवर बहुधा साडेचौदा अंशांचा असतो, हल्लीच्या कटरांवर वीस. म्हणून नमुन्यासाठी एक जुना गिअर बरोबर न्यावाच.

आपले गिअर १४ डीपीचे आहेत असे धरले, तर १२७ दातांचा गिअर २३४ मिमी व्यासाचा होतो. आपल्या पेटीतला सर्वांत मोठा १०० चा गिअर १८५ मिमीचा असेल. ही जवळजवळ पन्नास मिलिमीटरची वाढ क्वाड्रंटवर आणि गिअरच्या झाकणात मावते का, हे पुठ्ठ्याची चकती कापून तिथे धरून पाहावे. मावत असेल तर १२७ च घ्यावा. तो अचूक असतो आणि जोडणी साधी राहते. मावत नसेल तर ६३ चा घ्यावा, तो केवळ ११८ मिमीचा होतो. त्याची मांडणी ६३/८० आणि दुसऱ्या जोडीत पिचच्या वीसपट दात भागिले १००, अशी होते, म्हणजे १.५ पिचला ६३/८० × ३०/१०० आणि १.७५ ला ६३/८० × ३५/१००. ३५ आणि ४५ ने ज्या पिच निघत नाहीत, त्याही यात निघतात.

कापण्याच्या कष्टांत दोघांत फरक नाही, कारण ब्राउन अँड शार्प पद्धतीच्या (दातांचे समान विभाग मोजायच्या) प्लेटांवर ४९ च्या पुढे भोके नसतात आणि ६३ असो वा १२७, साध्या इंडेक्सिंगने विभाग पडत नाहीत. दोन्हींना डिफरन्शियल इंडेक्सिंगच (विभाग मोजताना प्लेटही गिअरने फिरवणे) करावे लागते. १२७ साठी आम्ही १२० धरतो: १८ भोकांच्या वर्तुळावर ६ भोके, स्पिंडलवर ५६ आणि प्लेटच्या शाफ्टवर २४ चा गिअर. ६३ साठी ६० धरतो: त्याच वर्तुळावर १२ भोके, गिअर ४८ आणि २४. दोन्ही वेळा प्लेट हँडलच्या उलट दिशेने फिरली पाहिजे. ती त्याच दिशेने फिरत असेल तर आयडलर एक कमी किंवा जास्त करावा लागतो. कटर दोन्हींना एकच, २ नंबरचा, जो ५५ ते १३४ दातांपर्यंत चालतो. ज्यांच्याकडे गिअर कापायला द्याल त्यांना डिफरन्शियलची जोडणी येते का, एवढे आधी विचारून घ्यावे, कारण ती येत नसताना अंदाजाने कापलेल्या १२७ च्या गिअरचे शेवटचे दोन दात एकमेकांवर आलेले मी पाहिले आहेत.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. ३५/५० × ४५/८० लावले. चक हाताने दहा वेळा फिरवला तेव्हा कॅरेज स्केलवर २५ मिमी सरकली. चक आट्यांचाच आहे, त्यामुळे स्विच मध्यावर थांबवूनच उलटा फिरवला. लांब बार थरथरत असल्यामुळे फॉलोअर रेस्ट (टूलबरोबर सरकणारा आधार) लावावी लागली. पहिला बोल्ट काल संध्याकाळी पुरा झाला आणि नट २८० मिमी बोटांनीच गेला. वडिलांनी स्वतः दोनदा फिरवून पाहिला. ६० दातांच्या गिअरचा व्यास ११२.४ आला, म्हणजे १४ डीपीच. झाकणात १२७ ला जागा नाही, क्वाड्रंटच्या बोल्टला तो घासतो, म्हणून ६३ चा गिअर कापायला देणार आहे.

तो येईपर्यंत एक शंका. याच ग्राहकाला एम-१० चे १.५ पिचचे चार लहान स्टड हवे आहेत, आट्यांची लांबी ४० मिमी. १०,००० भागिले १.५ केले तर ६,६६६ आणि वर अपूर्णांक येतो, दोन गिअरांचा गुणाकार तसा होत नाही. तेवढ्यासाठी थांबावे लागेल का?

उत्तर २ (कोल्हापूर)

थांबायला नको. १.५ ला ३५-४५ ची युक्ती चालत नाही, पण १३/५५ चालते: ६५/५५ × २०/१००. पिच १.५००९ येते, चूक शेकडा ०.०६; ४० मिमीत ०.०२४ मिमी आणि नटाच्या ८ मिमी उंचीत ०.००५. यापेक्षा किंचित जवळची हवी असेल तर ८५/९० × २५/१०० लावा, त्यात १.४९९३ येते, पण ८५ आणि ९० दोन्ही मोठे गिअर तुमच्या झाकणात बसतात का ते आधी पाहा. या दोन्ही जोड्या आखूड आट्यांसाठीच वापरा. चरकाच्या बोल्टासारखे लांब काम १.५ किंवा ३ पिचमध्ये आले तर ६३ येईपर्यंत ते घेऊ नका.

उत्तर १ (निवृत्त शिल्प निदेशक)

याला जोडून, ज्यांचा लीड स्क्रू खरोखरच ६ मिलिमीटरचा आहे आणि ज्यांना पाइपचे इंची आटे पाडायचे आहेत अशांसाठी: एक इंची बीएसपीच्या (ब्रिटिश पद्धतीच्या पाइप आट्यांच्या) ११ आट्यांना अचूक गुणोत्तर १२७/३३० आहे, आणि १२७ नसेल तर साधी २५/६५ ची जोडी तिथे पुरते, २.३०९१ च्या जागी २.३०७७ पिच पडते, जी पाइपाच्या आखूड आट्यांना चालते. तिथेही हाफ नट उघडू नये.

आणि आपल्या वडिलांच्या वहीत या नव्या जोड्या त्यांच्याच रकान्यांत, ‘लीड स्क्रू ४ आटे, स्टड एकास एक’ असे वर लिहून, आज तारखेसह उतरवून ठेवा.